चिनी चेहरा, इंग्रजी दाखला

१८५१ सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर अमॉय नावाचे एक जुने बंदर आहे. शिक्षक मंडळींनी आशियाचा नकाशा भिंतीवर टांगून ठेवला, तर पुढचे सांगणे सोपे जाईल. सिंगापूरवर बोट ठेवा. तिथून समुद्रातून ईशान्येकडे वर चला, हाँगकाँग मागे टाका, आणि तैवानच्या समोर, चीनच्या काठाला अगदी बिलगून एक लहानसे बेट लागेल. तेच अमॉय. हल्लीच्या नकाशात त्याचे नाव श्यामेन असे छापतात.

तर या अमॉयमधल्या इंग्रज मंडळींकडे त्या महिन्यात एक मेणा येऊन पोचला. आत माणूस बसवलेला होता, पण तो जिवंत नव्हता. त्याचे नाव तान किंग-चिन. एका इंग्रज पेढीत तो नोकरीला होता. चेहरा चिनी, बोली चिनी, पोशाख चिनी. जन्म मात्र इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखातला, सिंगापूर-पेनांगकडच्या वसाहतीतला. चिनी अंमलदाराने त्याला पकडून नेले होते. ब्रिटिश कॉन्सलने कळवले, की हा आमचा प्रजाजन आहे, याला आमच्या हवाली करा. त्या मागणीला उत्तर म्हणून हा मेणा आला. कोठडीतल्या मारहाणीत माणूस संपला होता.

आता तुम्ही म्हणाल, चिन्यांच्या राज्यात चिनी माणसाला चिनी अंमलदाराने धरले, त्यात इंग्रजाने का पडावे? प्रश्न बरोबर आहे. त्या अंमलदाराचेही म्हणणे अगदी हेच होते. पण उत्तर वाटते तितके सोपे नाही, कारण हा माणूस नेमका कोणाचा, हेच ठरलेले नव्हते.

आधी कॉन्सल म्हणजे काय ते बघू. पेशव्यांचे वकील दिल्लीला, हैदराबादला राहात, हे आपल्याला ठाऊक आहे. ते राजाच्या वतीने राजाशी बोलत. कॉन्सलचे काम त्याहून खालच्या पायरीवरचे, पण सामान्य माणसाच्या जास्त उपयोगाचे. परमुलखात आपल्या देशाचा माणूस आजारी पडला, लुबाडला गेला, मेला किंवा तुरुंगात पडला, तर त्याची विचारपूस करणारा तो कॉन्सल. आज हे काम १९६३ च्या व्हिएन्ना कराराने चालते. त्याचे ३६ वे कलम असे, की परदेशी माणसाला अटक झाली तर 'तुझ्या देशाच्या कॉन्सलला तुला कळवता येते' हे त्याला विनाविलंब सांगितले पाहिजे. सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी याच कलमावर बोट ठेवले आणि पाकिस्तानने ते मोडले असा निकाल दिला. तेव्हा हा विषय केवळ जुन्या बखरीतला नाही, बरे का.

पण १८५१ मधला अमॉयचा ब्रिटिश कॉन्सल नुसती विचारपूस करून थांबणारा नव्हता. अफूच्या पहिल्या लढाईत चीन हरला. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने अमॉयसह पाच बंदरे इंग्रजांना व्यापारासाठी खुली झाली, आणि १८४३ च्या पुरवणी तहाने आणखी एक गोष्ट घडली. चीनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनावर चिनी न्यायाधीशाचा अधिकार चालेनासा झाला. त्याचा गुन्हा त्याचाच कॉन्सल तपासणार आणि शिक्षाही तोच देणार. एखाद्याच्या घरात राहायचे, पण त्या घरच्या कर्त्याचा शब्द आपल्यावर चालू द्यायचा नाही, असा हा प्रकार. ज्याच्या हाती ब्रिटिश प्रजाजन असल्याचा दाखला, त्याच्या अंगाला चिनी शिपायाने हात लावायचा नाही. मग असा दाखला कोणाला नको असेल?

इंग्रजांचा कायदा जमिनीचा होता. राणीच्या मुलखात जो जन्मला तो राणीचा, त्याचे आईबाप कोणी का असेनात. चीनची समजूत रक्ताची होती. बाप चिनी तर मुलगा चिनी, मग तो जन्मो कुठेही. आपल्याकडच्या उदाहरणाने हे चटकन ध्यानात येईल. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेला कोकणातला चाकरमानी आठवा. दोन-तीन पिढ्या लालबाग-परळात गेल्या, तरी 'गाव कुठलं तुमचं?' असे विचारले की तो मालवण नाहीतर राजापूर सांगणार. गणपतीला तो बोचकी घेऊन गावी येणार. आणि गावात त्याला काय म्हणणार? 'मुंबईकर आला!' दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्याच. आता अशी कल्पना करा, की मुंबई एका राजाची आणि मालवण दुसऱ्याचे, आणि दोघांत ताजी लढाई होऊन गेलेली आहे. म्हणजे तान किंग-चिनची गोष्ट कळली.

अमॉयच्या आसपासचे लोक हॉक्केन बोली बोलणारे, दर्यावर्दी आणि व्यापारी. जमीन डोंगराळ, पीक बेताचे, तेव्हा पिढ्यानपिढ्या ते गलबतात बसून मलायाकडे, जावाकडे जात आले. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर या तीन ठाण्यांत त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. ही ठाणी त्या वेळी कोणाच्या अंमलाखाली होती ठाऊक आहे? कलकत्त्याच्या. होय, १ एप्रिल १८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार हिंदुस्थान सरकारकडून चाले. मुंबई इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी तिथे रस्ते बांधीत होते. परदेशात जन्मलेल्या आणि सिंगापुरात स्थायिक झालेल्या चिन्याला 'ब्रिटिश प्रजाजन' करून घेणारा १८५२ चा कायदाही कलकत्त्याच्याच कौन्सिलात झाला. त्यात एक मेख मात्र होती. वसाहतीने दिलेले असे प्रजाजनत्व वसाहतीच्या हद्दीपुरतेच चाले. हद्द ओलांडली, की तो कागद आणि कोरा कागद यांत फारसा फरक उरत नसे.

हे लोक परत यायचे, ते आपला चाकरमानी येतो त्याच कारणांनी. वाडवडिलांच्या थडग्यांची पूजा, मुलाचे लग्न, म्हाताऱ्या आईची भेट. पैसेही घेऊन यायचे. आणि इथेच त्यांच्यावर संकट यायचे. चिनी बादशहाच्या कायद्याने परवानगीवाचून समुद्रापार जाणे हाच गुन्हा होता. तो कायदा रीतसर उठला तो थेट १८९३ साली. तोवर दक्षिण समुद्रातून परतलेला पैसेवाला म्हणजे गावच्या कारकुनापासून नातलगापर्यंत सगळ्यांना दुभती म्हैस. 'तू गेलास कसा? कोणाच्या परवानगीने?' एवढे विचारले, की त्याची थैली सुटायची. अशा माणसाने इंग्रज कॉन्सलच्या वहीत नाव नोंदवून पाठीशी एक आधार केला, तर त्याला दोष कसा द्यावा?

पण तान किंग-चिन हा काही नुसता गांजलेला बापडा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अमॉयमध्ये 'लहान तलवार' नावाची एक गुप्त मंडळी उभी राहिली होती. सभासद व्हायचे, शपथ घ्यायची, वर्गणी द्यायची. मग मंडळी तुमची पाठराखण करणार. तान हा तिचा म्होरक्या. आता त्या चिनी अंमलदाराच्या जागी बसून पाहा. नवा बादशहा गादीवर येऊन वर्ष होत होते. त्याच जानेवारीत तिकडे क्वांग्सी प्रांतात तायपिंगांचे बंड उघड पेटले. पुढे त्या बंडात लाखोंनी माणसे मेली. अशा वेळी आपल्या शहरात आपल्याच रक्ताचे लोक गुप्त सैन्य जमवतात आणि धरायला गेले की खिशातून इंग्रजी कागद काढतात! त्या अंमलदाराचा संताप मला समजतो. त्याने जे केले ते मात्र माफ करण्याजोगे नव्हते. चौकशी नाही, निवाडा नाही, आणि वर मेण्यातून प्रेत पाठवण्याचा तो निरोप: घ्या तुमचा माणूस.

इंग्रजांनी काय केले? लेखी निषेध केला. पत्रे गेली, पत्रे आली. तोफा काही सुटल्या नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचीच तुलना करायची आहे.

म्होरक्या मारला म्हणून मंडळी मोडली नाही. मे १८५३ मध्ये तिने उठाव करून अमॉय शहरच ताब्यात घेतले. जुन्या मिंग घराण्याच्या नावाने जाहीरनामे लागले. बंडवाल्यांत सिंगापूरकडे राहून आलेले बरेच होते. परदेशी व्यापाऱ्यांना त्यांनी त्रास दिला नाही, आणि इंग्रजांनीही आपण तटस्थ असल्याचे सांगितले. नोव्हेंबरात बादशाही फौजेने शहर परत घेतले आणि मग कत्तल सुरू झाली. धक्क्यावर माणसे आणून एकामागून एक मारली जाऊ लागली, तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांवरच्या अधिकाऱ्यांना ते पाहवेना आणि त्यांनी मध्ये पडून काही जीव वाचवले. त्या घटकेला कोण ब्रिटिश प्रजाजन आणि कोण नाही, हे कोणी वही उघडून पाहिले नसावे.

जे निसटले त्यांतले कित्येक सिंगापूरला गेले. मे १८५४ मध्ये तिथे हॉक्केन आणि तिओच्यू या दोन चिनी जमातींत भयंकर दंगा झाला. निमित्त तांदळाच्या मापावरून झालेल्या भांडणाचे. पण अमॉयहून आलेल्या बंडखोरांच्या मदतीसाठी पैसा द्यायचा की नाही, ही कुरबूर आधीपासून धुमसत होतीच. दहा-बारा दिवसांत सुमारे ४०० माणसे मेली. अमॉयच्या विस्तवाची ठिणगी अशी हिंदुस्थान सरकारच्या अंमलातल्या शहरात येऊन पडली.

आता ती तुलना. ८ ऑक्टोबर १८५६ रोजी कँटन बंदरात 'ॲरो' नावाची एक बोट चिनी अंमलदारांनी अडवली आणि चाचेगिरीच्या संशयावरून तिच्यावरचे १२ खलाशी धरून नेले. बोटीचा मालक हाँगकाँगमध्ये राहणारा चिनी माणूस. हाँगकाँग सरकारने वर्षभरापूर्वीच नियम केला होता, की वसाहतीत भाडेपट्ट्याची जमीन असलेल्या चिनी रहिवाशाला आपली बोट नोंदवता येईल आणि तिच्यावर ब्रिटिश निशाण लावता येईल. कप्तान म्हणून एक तरुण आयरिश ठेवलेला. खलाशी सगळे चिनी, आणि तेही बहुधा चिनी बादशहाचेच प्रजाजन. कॉन्सल हॅरी पार्क्सने खलाशी परत मागितले, शिवाय निशाण खाली ओढून आमचा अपमान केलात म्हणून माफी मागा असे लिहिले. चिनी सुभेदार ये याने म्हटले, निशाण मुळी वर नव्हतेच. आणि गंमत अशी, की बोटीच्या परवान्याची मुदत २७ सप्टेंबरलाच संपली होती! हाँगकाँगचा गव्हर्नर बाउरिंग याने ही गोष्ट पार्क्सला पत्रातून कळवलीही. पण चिन्यांना हे माहीत नाही, हेही त्याने हेरले. खलाशी २२ ऑक्टोबरला परत आले. माफी आली नाही. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश आरमाराने कारवाई सुरू केली. तीच अफूची दुसरी लढाई.

पाच वर्षांपूर्वी राणीच्या मुलखात जन्मलेला एक माणूस कोठडीत मेला, तेव्हा निषेधाच्या पत्रावर भागले. मुदत संपलेल्या परवान्याच्या बोटीसाठी मात्र युद्ध. याचा अर्थ मी असा लावतो, की कॉन्सलचे संरक्षण माणसाच्या हक्काने मिळत नव्हते, सरकारच्या गरजेने मिळत होते. १८५६ साली इंग्रजांना कँटन शहराचे दरवाजे उघडून हवे होते आणि तहाच्या अटी वाढवून हव्या होत्या. ॲरो हे निमित्त बरे सापडले. हे काही मी आज शहाणपणाने सांगतो असे नाही. खुद्द लंडनच्या पार्लमेंटात मार्च १८५७ मध्ये कॉब्डेनने आणलेला निषेधाचा ठराव २६३ विरुद्ध २४७ मतांनी मंजूर झाला होता. पंतप्रधान पामर्स्टनने मग पार्लमेंट बरखास्त करून निवडणूक घेतली आणि जिंकली. या लढाईसाठी निघालेली पलटणे १८५७ चा उठाव दडपण्यासाठी वाटेतून कलकत्त्याकडे वळवली गेली, ही आपल्या इतिहासातली गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी.

लढाई संपली, १८५८ चा तिएन्त्सिनचा तह झाला, ब्रिटिश प्रजाजनांना पासपोर्ट घेऊन चीनच्या आतल्या भागात हिंडता येऊ लागले. आणि जुनाच प्रश्न पुन्हा आला: चिनी चेहऱ्याचा ब्रिटिश प्रजाजन शिपायाने ओळखायचा कसा? यावर १८६८ साली पेकिंगमधला ब्रिटिश मंत्री सर रदरफर्ड ॲलकॉक याने एक तोड काढली. चिनी वंशाच्या ज्या ब्रिटिश प्रजाजनाला चीनमध्ये आमचे संरक्षण हवे, त्याने चिनी पोशाख टाकावा आणि इतर लोकांतून चटकन वेगळा ओळखू येईल असा दुसरा पोशाख करावा. म्हणजे हक्क आता जन्मदाखल्यात राहिला नाही, कोटाच्या बटणात आला.

वरवर पाहिले तर नियम सोपा. पण ज्याला तो पाळायचा त्याच्या पायांनी चालून पाहू. मांचू बादशहांच्या राज्यात प्रत्येक चिनी पुरुषाने कपाळावरचे केस भादरून मागे लांब वेणी सोडायची, असा हुकूम होता. वेणी म्हणजे राजनिष्ठेची खूण. बंडवाले पहिले काम करीत ते वेणी सोडून केस वाढवण्याचे. आता सिंगापूरचा हा माणूस विलायती कोट-टोपी घालून अमॉयच्या धक्क्यावर उतरला, की बंदरापुरता तो सुरक्षित. पण त्याला जायचे असते दोन दिवसांच्या वाटेवरच्या खेड्यात, बापाच्या थडग्यावर. त्या खेड्यात कोट घालून गेला तर पोरे मागे लागणार, भाऊबंद तोंड फिरवणार, 'हा फिरंग्यांचा झाला' म्हणून वाटणीच्या शेतावरचा हक्क नाकारणार. वेणी कापली असेल तर बंडखोर म्हणून संशय. आणि सगळे टाळून चिनी झगा घातला, तर कॉन्सल म्हणणार, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. कपडे कोणते घालावे एवढ्या साध्या गोष्टीत त्या माणसाला एकदा राजा निवडावा लागे आणि एकदा भाऊबंद.

अर्थात दाखल्याचा गैरवापरही झालाच, आणि तो जपानच्या छत्राखाली सर्वांत जास्त झाला. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानकडे गेले. तिथल्या लोकांना दोन वर्षांची मुदत दिली, की चीनचे राहायचे असेल तर बेट सोडा. उरलेले जपानी प्रजाजन झाले. तैवान आणि अमॉय यांत समुद्राची पट्टी केवढीशी! बोली एक, देव एक. जपानी नोंदणीचे तैवानी लोक अमॉयमध्ये येऊन राहू लागले, आणि दारावर जपानी प्रजाजनाची पाटी लागली की चिनी पोलीस उंबरा ओलांडू शकेना. त्या पाट्यांच्या आड अफूचे अड्डे आणि जुगाराची घरे चालू लागली. मग तैवान कधी न पाहिलेले अमॉयचे लोकही पैसे चारून ती नोंदणी मिळवू लागले. साधे तैवानी दुकानदार, डॉक्टर त्यांत फुकट बदनाम झाले. परदेशी लोकांचे हे न्यायालयी कवच चीनमधून उठायला बरीच वर्षे जावी लागली. ब्रिटन आणि अमेरिकेने ते ११ जानेवारी १९४३ च्या करारांनी सोडले.

मधल्या काळात कायदेही कागदावर उतरले. १९०९ साली चीनने आपला पहिला राष्ट्रीयत्वाचा कायदा केला, रक्ताच्या तत्त्वावर. लगेच १९१० साली डचांनी जावा-सुमात्रात जन्मलेल्या चिन्यांना डच प्रजाजन ठरवले. दोघांनी १९११ मध्ये करार केला तो मोठा मासलेवाईक होता: डच मुलखात डच कायदा खरा, चीनमध्ये चिनी कायदा खरा. माणूस बटाव्याला डच आणि अमॉयला उतरताच चिनी! १९३० च्या हेग करारात हेच तत्त्व सर्वांसाठी लिहिले गेले, की ज्याचे राष्ट्रीयत्व दोन देशांचे आहे, त्याच्या वतीने एका देशाने दुसऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडू नये.

वसाहती गेल्या, पण प्रश्न राहिला. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेच्या देशांची परिषद भरली होती. पंडित नेहरूही तिथे होते. त्याच दिवसांत, २२ एप्रिलला, चौ एन-लाय आणि इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री सुनारिओ यांनी एका तहावर सह्या केल्या. दोन राष्ट्रीयत्वे असलेल्या चिनी माणसाने दोन वर्षांत एक निवडावे, असे त्यात ठरले. तह अमलात यायला १९६० उजाडले. दरम्यान १९५९ साली इंडोनेशिया सरकारने परदेशी नागरिकांना खेडेगावांत किरकोळ दुकानदारी करायला बंदी केली, आणि खेड्यातला चिनी वाणी रस्त्यावर आला. चीनने जहाजे पाठवली. एक लाखाहून जास्त माणसे चीनला गेली. दक्षिण चीनमध्ये त्यांच्यासाठी सरकारी शेतमळे काढले होते, तिथे त्यांना जमीन कसायला दिली आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद 'परत आलेले' अशी केली. त्यांतल्या पुष्कळांचा जन्म जावा-सुमात्रातला. चीनचा किनारा त्यांनी जहाजाच्या कठड्यावरून पहिल्यांदाच पाहिला होता.